खोडवा मोडताय? आधी रानात खड्डा घ्या

उसाच्या तोडी उरकत आल्या की कृष्णा-वारणा काठच्या गावांत एकच विषय असतो. आणखी एक खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारा ऊस, ठेवायचा, की तो मोडून पावसाळ्यात सोयाबीन आणि पुढं गहू-हरभरा करायचा? मोडणार असाल तर चांगलंच आहे. बेवड, म्हणजे पिकाची फेरपालट, झाला की पुढच्या लागणीचा ऊसही सुधारतो. मात्र उसानं टनेज दिलं म्हणून तेच रान धान्यही देईल, हे धरून चालू नका.

उसाला दर आठ-दहा दिवसांनी पाणी मिळतं, त्यामुळं मुळाजवळचे क्षार पातळ राहतात. चार फुटवे मेले तरी शेजारचे ती जागा भरून काढतात, आणि बांधावरून पाहणाऱ्याला सगळं हिरवंच दिसतं. सोयाबीनचं बी उगवलं नाही तर ती जागा रिकामी राहते. उसाखाली झाकलेलं दुखणं धान्याच्या पिकात असं उघडं पडतं.

म्हणून नांगर घालण्याआधी एकदा रान चालून बघा. पाटाच्या डोक्याकडची जमीन आणि पायथ्याकडची जमीन एकाच गटात असली तरी एक नसते. पाणी आणि क्षार खालच्या अंगाला जमतात. उन्हात माती वाळल्यावर पांढरा थर दिसतो ती क्षारपड जमीन. काळपट, वाळल्यावर दगडासारखी आणि ओली झाली की चिकट, पाणी वर साचून राहतं ती चोपण. असे तुकडे खुंट्या मारून वेगळे करा आणि प्रत्येकाचा मातीचा नमुना वेगळा घ्या. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घेऊन, मिसळून, त्यातली अर्धा किलो माती परीक्षणाला द्यायची. बांधाकडची, झाडाखालची, पाटातली किंवा नुकतंच खत पडलेली माती घेऊ नका. अहवालात ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) १ च्या आत आणि सामू (पीएच) ८.५ च्या खाली असेल तर क्षारांची काळजी नाही. ईसी १ च्या वर गेली की उगवणीला धोका सुरू होतो. हरभरा, मूग, उडीद, भुईमूग यांना क्षार सोसत नाहीत, सोयाबीन मधलं, गहू आणि ज्वारी त्यातल्या त्यात तग धरतात.

प्रत्येक तुकड्यात तीन फुटांचा एक खड्डाही घ्या. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ओल्या रानात ऊस भरलेल्या ट्रॉल्या फिरल्या असतील तर माती दबून खाली कडक थर होतो आणि फूट-दीड फुटावर पहार अडखळते. तिथं सोयाबीनची मुळं आडवी पसरतात आणि पावसानं ओढ दिली की पीक लगेच माना टाकतं. अशा ठिकाणी माती पूर्ण वाळल्यावर सबसॉयलर, म्हणजे खालचा कडक थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार, चालवा. ओलीत चालवलात तर डिझेल वाया जाईल.

तणनाशकाचंही आठवून बघा. तोड झाल्यावर खोडव्यासाठी अॅट्राझीन मारलं आणि मग बेत बदलला, असं बऱ्याच जणांचं होतं. मक्याला आणि ज्वारीला ते चालतं, सोयाबीनला आणि कडधान्याला नाही. शंका असेल तर रानातली माती एका कुंडीत, तणनाशक न पडलेल्या जागेची दुसऱ्या कुंडीत भरा, दोन्हींत दहा-दहा सोयाबीनचे दाणे टाका आणि तीन आठवडे थांबा. रानातल्या मातीत रोपं उगवून आली, पण त्यांची खालची पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागली तर त्या रानात यंदा मका घ्या.

पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवू नका. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून ते कुजवा. उन्हाळी नांगरट खोल झाली की मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या आणि त्यांचे भुंगेरे पक्ष्यांना मिळतात. जे वाचतात ते वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर येतात. तेव्हा फांद्या हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे सगळ्या शिवारानं मिळून केलं तरच उपयोग होतो.

चांगल्या तुकड्यात कसबे डिग्रजच्या केंद्रानं दिलेला फुले संगम किंवा फुले किमया हा सोयाबीनचा वाण घेता येईल. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. उसाच्या रानात बऱ्याच वर्षांत सोयाबीन झालं नसेल तर बियाण्याला रायझोबियम हे जिवाणू खत लावाच, दहा किलोला २५० ग्रॅम.

खालच्या अंगाच्या तुकड्यात खड्ड्यात पाणी झिरपून आलं, तर तिथं यंदा सोयाबीनचं बी घालवू नका. आधी चर काढून पाण्याला वाट करून द्या. निचरा नसताना टाकलेलं जिप्सम (चोपण जमीन सुधारणारं खनिज) तिथंच पडून राहतं. जमीन चोपण निघाली तर अहवालाप्रमाणं जिप्समचा हप्ता निचऱ्यानंतरच टाका. पावसाळ्यात त्या तुकड्यात धैंचा हे हिरवळीचं खत पेरा, ४५ ते ५० दिवसांनी फुलावर आला की गाडा, आणि नोव्हेंबरात हरभऱ्याऐवजी गहू टाका.