मोफत ऑनलाइन कोर्स पुरा करायचा, तर सोबत जमवा

स्वयं (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) किंवा एनपीटेलवर (आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) कोर्सला नाव नोंदवायला दोन मिनिटं पुरतात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र व्हिडिओ साठत जातात आणि विचारायला कुणी नसतं. माझे पहिले दोन कोर्स तिथेच सुटले. तिसरा पुरा झाला तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत भेटलेल्या चौघांमुळे. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या ज्या कोर्सवरून 'मूक' (MOOC, म्हणजे कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन कोर्स) हा शब्द रुळला, त्यातही शिकणाऱ्यांनी एकमेकांशी जोडलं जाणं हाच शिकण्याचा गाभा मानला होता.

माणसं आधी शोधा, कोर्स सुरू व्हायच्या आतच. कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर, म्हणजे त्यांचं कॉलेजातलं केंद्र, असेल तर तिथे विचारा, नाहीतर अभ्यासिकेच्या फळ्यावर चिठ्ठी लावा. पाच ते सात जण पुरेत. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

मग जागा ठरवा. व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांकडे असतं, पण त्यात नंबर सहसा ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतो. अनोळखी लोकांत तो द्यायला कुणी, विशेषतः मुली, कचरत असतील तर टेलिग्राम घ्या. तिथे नंबर लपवता येतो, आणि उशिरा आलेल्यालाही जुने मेसेज दिसतील अशी सोय करता येते. असाइनमेंटच्या तारखा पिन करून ठेवा. सुप्रभातचे फॉरवर्ड नकोत, हे पहिल्याच दिवशी सांगा.

आता सर्वांत महत्त्वाचं, प्रश्न कसा विचारायचा. "चौथा आठवडा कुणाला समजला का?" याला उत्तर येत नाही. त्याऐवजी कुठे अडलं, काय करून पाहिलं आणि काय झालं, हे तिन्ही लिहा. आमच्या पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कोर्समध्ये एकीने लिहिलं होतं, "'बी = ए' असं लिहून मी ए या लिस्टची (यादीची) प्रत केली. बीमध्ये आकडा घातला, तर तो एमध्येही दिसतोय. असं का?" दहा मिनिटांत दुसऱ्याचा व्हॉइस मेसेज आला: प्रत झालीच नाही, लिस्ट एकच आहे, नावं दोन. एकाच पोराला आई बाळू म्हणते आणि आजी पिंट्या, तसं. खरी प्रत हवी तर 'कॉपी' ही आज्ञा वापर. हे समजावताना त्याचंही पक्कं झालं. म्हणून उत्तर माहीत असेल तर नुसता व्हिडिओचा दुवा टाकू नका, आपल्या शब्दांत सांगा.

आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवा. आमच्यात एक निगडीचा, एक हडपसरची, म्हणजे दोघं दोन टोकांना. प्रत्यक्ष भेट महिन्यातून एकदाच जमायची, संभाजी बागेत. कॉलवर पाळीपाळीने एकाने त्या आठवड्याचा धडा शिकवायचा.

असाइनमेंटची उत्तरं मुदतीआधी ग्रुपवर टाकायची नाहीत, यावर ठाम राहा. एनपीटेलमध्ये साधारणपणे असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. उसनी उत्तरं परीक्षेत कामाला येत नाहीत. मुदत उलटली की मग चुकलेलं प्रत्येक उत्तर मनसोक्त चघळा.

धडे संपल्यावर परीक्षेपर्यंत काही दिवस जातात आणि नेमका तेव्हाच ग्रुप थंडावतो. बारा आठवड्यांचा कोर्स असेल तर आठवडे आपसांत वाटून घ्या. ज्याच्या वाट्याला जे आले, त्याने त्यांतले रोज पाच प्रश्न टाकायचे आणि रात्री नऊला उत्तरं.