कोल्ड फ्यूजनची ‘जास्तीची’ उष्णता कशी तपासावी

‘एक युनिट वीज घाला, तीन युनिट उष्णता घ्या’ असं सांगत कोणी पाणी तापवायचं यंत्र गावात आणलं, तर आधी आत कॉम्प्रेसर आहे का ते पाहा. असेल तर तो हीट पंप आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणतो, त्यामुळे एकाचे तीन त्याला जमतात. कॉम्प्रेसर नसेल आणि नाव कोल्ड फ्यूजनचं (साध्या तापमानालाच अणुकेंद्रं जुळून ऊर्जा निघते, या दाव्याचं) घेतलं जात असेल, तर मोजायला बसावं लागेल. २३ मार्च १९८९ ला युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी पॅलॅडियम धातू आणि जड पाणी (ज्यात जड हायड्रोजन असतो) यांच्या विजेवर चालणाऱ्या सेलमधून जास्तीची उष्णता निघाल्याचं जाहीर केलं. तेव्हापासूनच्या वादातला मोठा भाग थर्मामीटर आणि वीजमोजणीचाच आहे, आणि ती साधनं तालुक्याच्या बाजारात मिळतात.

कोरी फेरी आधी

मासळी किंवा औषधं येतात तसली झाकणाची थर्माकोलची पेटी घ्या. तिच्यात १२-१५ लिटरचा स्टीलचा गंज (पातेलं) बसवा आणि त्यात तोलून १० किलो पाणी भरा. ०.१ अंश दाखवणारे दोन थर्मामीटर लावा, एक तळाशी आणि एक पृष्ठभागाजवळ.

पहिली फेरी यंत्राची घेऊ नका. यंत्राइतक्याच वॉटचा साधा हीटर त्याच गंजात, तितकाच वेळ चालवा. १० किलो पाणी २० अंशांनी तापायला ८३७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ०.२३ युनिटच्या थोडं वर. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ छापलेलं असेल, तर त्याचा लाल दिवा सुमारे ७४४ वेळा लुकलुकायला हवा. प्रत्यक्षात ८०० वेळा लुकलुकला, तर तुमची पेटी आणि गंज मिळून ७ टक्के खातात. अशा तीन फेऱ्या घ्या. त्यांच्यात आपसात जो फरक येईल, त्याच्या आतला कोणताही ‘नफा’ धरू नका. ही कोरी फेरी टाळून काढलेल्या आकड्याला आमच्या लेखी किंमत नाही.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात दुपारी ४५ अंश असतात. ३० अंशांचं पाणी नुसतं ठेवलं तरी तापतं, आणि ती उष्णता यंत्राच्या नावावर जमा होते. म्हणून पहाटे मोजा आणि कूलर बंद ठेवा. खोली ३० अंशांवर असेल तर पाणी २० वर आणून सुरू करा आणि ४० वर थांबा. अर्ध्या वेळात बाहेरून आलेली उष्णता उरलेल्या अर्ध्यात बरीचशी परत जाते. बर्फ वापरला तर तो पूर्ण विरघळल्यावरच सुरुवात करा; एक किलो बर्फ विरघळताना ३३४ किलोज्यूल गिळतो.

पाणी ढवळत राहा. वर गरम आणि खाली गार असे थर बसले तर थर्मामीटर कुठे आहे त्यावर उत्तर ठरतं. १९८९ मध्येच कॅलटेकच्या नेथन लुइस यांनी युटाच्या सेलबाबत हीच शंका काढली होती. दोन्ही थर्मामीटरमध्ये ०.२ अंशांहून जास्त फरक दिसला तर त्यांच्या जागा अदलाबदल करून पाहा.

वीज

डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) वावरातल्या मोटारी चालू असताना २०० व्होल्ट मिळतात, त्या बंद झाल्या की २४०. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच हीटरमधून ४४ टक्के जास्त. सुरुवातीला एकदाच व्होल्ट आणि अँपिअर पाहून वेळेने गुणलं, तर हे ४४ टक्के फुकटची ऊर्जा म्हणून मोजले जातात. ट्रायकचा (विजेची लाट कापून देणारा) रेग्युलेटर किंवा पल्सचा सप्लाय असेल तर साधा क्लॅम्प मीटर कमी करंट दाखवतो, कारण लाट सरळ सायनची आहे असं तो धरून चालतो. ‘ट्रू आरएमएस’चा, म्हणजे लाट कशीही असली तरी खरा करंट दाखवणारा मीटर घ्या. यंत्र छोटं असेल तर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवणं सगळ्यात चांगलं. दर मिनिटाला व्होल्ट आणि अँपिअर लिहा.

यंत्राचं वजनही करा. लिथियम बॅटरी किलोमागे साधारण ०.२ युनिट साठवते, म्हणजे १० किलोच्या खोक्यात २ युनिट लपू शकतात. जास्तीची उष्णता त्याच्या बरीच पुढे जाईपर्यंत चाचणी थांबवू नका.

वाफ

सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. २५ अंशांचं एक किलो पाणी १०० पर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात, त्याची पूर्ण वाफ करायला आणखी २२५७. नळीतून नुसतं उकळतं पाणी आणि थोडी वाफ येत असताना ‘आत गेलं तेवढं सगळं वाफ झालं’ असं धरलं, तर उत्तर आठपटींपर्यंत फुगतं. २०११ मध्ये इटलीत बोलोन्यातल्या रॉस्सीच्या ई-कॅट या कोल्ड फ्यूजनच्या म्हटल्या गेलेल्या यंत्रावर हाच आक्षेप होता. हवेचा दमटपणा दाखवणाऱ्या सेन्सरला वाफेतले पाण्याचे थेंब कळत नाहीत.

नळीचं तोंड २० अंशांच्या १० किलो पाण्यात बुडवा. बादली काट्यावर ठेवा आणि ३०० ग्रॅम वाढलं की थांबा. कोरडी वाफ असेल तर पाणी ३८ अंशांजवळ जाईल. नुसतं उकळतं पाणी येत असेल तर २२-२३ वरच राहील. आधी नळी पाण्याबाहेर काढा, मग वीज बंद करा, नाहीतर बादलीतलं पाणी यंत्रात उलटं ओढलं जातं.

उघडा इलेक्ट्रोलिसिस सेल

या सेलमध्ये वीज पाणी फोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करते आणि ते वायू बाहेर जातात. साध्या पाण्याच्या सेलला ५ व्होल्ट, २ अँपिअर दिले तर १० वॉट आत जातात. त्यातले १.४८ व्होल्ट (पाणी फोडण्यात खर्ची पडणारा भाग) गुणिले २ अँपिअर, म्हणजे सुमारे ३ वॉट हायड्रोजन-ऑक्सिजन घेऊन जातात, असं धरून ते वजा करतात आणि सेलकडून ७ वॉटची अपेक्षा ठेवतात. जड पाण्यासाठी आकडा १.५४ धरतात. पण हे वायू सेलमध्येच पुन्हा जुळून पाणी झाले, तर १० वॉट उष्णता मिळते आणि कागदावर ४२ टक्के नफा दिसतो. तपास सोपा आहे: २ अँपिअरवर तासाभरात ०.६७ ग्रॅम पाणी फुटायला हवं. सेल सोनाराच्या काट्यावर आधी आणि नंतर तोला. घट यापेक्षा कमी आली तर वायू आत जुळत आहेत. जास्त आली तरी निश्चिंत होऊ नका, बाष्पीभवनाचीही घट त्यात असते; निघालेला वायू पाण्यावर उलट्या धरलेल्या मोजपात्रात गोळा करा, ३० अंशांना तासाला साधारण १.४ लिटर भरायला हवा. हे मिश्रण ठिणगीने फुटतं, तेव्हा भांडं बंद करू नका, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास चूल किंवा बिडी नको.