निटिनॉलच्या तारेवर चालणारी झडप: अवकाशयानाच्या इंधनवाहिनीसाठी कार्यशाळेत नमुना कसा घडवावा

अवकाशयानाच्या प्रणोदन यंत्रणेतील झडप हा भाग आकाराने लहान असला, तरी संपूर्ण मोहिमेचे भवितव्य अनेकदा त्याच्यावर येऊन ठेपते. ऑक्टोबर २०१६ मध्ये गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानातील हीलियमच्या दोन झडपा काही सेकंदांत उघडणे अपेक्षित असताना त्यांना काही मिनिटे लागली. मुख्य इंजिन पेटवण्याचा बेत पुढे ढकलावा लागला आणि अखेर यान ५३ दिवसांच्या मूळ लांब कक्षेतच ठेवण्याचा निर्णय फेब्रुवारी २०१७ मध्ये घेण्यात आला. आपल्या मंगळयानाचे ४४० न्यूटनचे इंजिन सुमारे दहा महिने बंद राहिल्यानंतर २२ सप्टेंबर २०१४ रोजी केवळ चार सेकंद पेटवून पाहण्यात आले, त्यामागेही इतका काळ स्वस्थ पडून राहिलेल्या वाहिन्या आणि झडपा वेळेवर काम करतील ना, हीच काळजी होती.

इंधनवाहिनी एकदाच उघडायची किंवा कायमची बंद करायची असेल, तेथे बहुतेक यानांत लहानशा स्फोटक भारावर चालणारी पायरो झडप वापरतात. ती विश्वासार्ह आणि अतिशय जलद असते. परंतु स्फोटाचा धक्का शेजारच्या नाजूक उपकरणांना बसतो आणि जी झडप यानासोबत जाणार आहे तीच आधी चालवून पाहता येत नाही, कारण एकदा चालवली की ती संपते. तापवली की मूळ आकाराकडे परतणाऱ्या आकारस्मृती मिश्रधातूची, म्हणजे निटिनॉलची, तार किंवा नळी वापरली तर धक्का सौम्य होतो, स्फोटकांची हाताळणी टळते आणि झडपेची रचना तशी ठेवली तर तीच झडप पुन्हा पूर्वस्थितीत आणून अनेकदा तपासता येते. हा धातू अवकाशाला नवा नाही. १९९४ च्या क्लेमेंटाइन यानाचे सौरपंखे निटिनॉलच्या नळीने बोल्ट तोडून मोकळे केले गेले, आणि १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या सोजर्नर गाडीवर धूळ मोजण्यासाठी लावलेली काच निटिनॉलची तारच सरकवत होती.

नागपुरातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अशा झडपेचा नमुना दाबाखालच्या हवेवर किंवा नायट्रोजनवर चालवून पाहता यावा, यासाठी ही कृती लिहीत आहे. तिचे सूत्र एकच आहे. तार तापवून आखडवणे सोपे असते; झडपेचा कस लागतो तो तार थंड होऊन परत ताणली जाण्यात आणि झडप पुन्हा घट्ट बसण्यात. म्हणून आराखडा थंड बाजूने सुरू करावा.

तारेची निवड

निकेल आणि टायटॅनियम यांचे अणू जवळजवळ समसमान असलेल्या या धातूची स्फटिकरचना थंड असताना मार्टेन्साइट आणि गरम असताना ऑस्टेनाइट असते. थंड तार सहज ताणली जाते आणि तापवली की मूळ लांबीकडे जोराने परतते. बाजारात मिळणाऱ्या तयार तारांमध्ये दोन प्रकार रूढ आहेत. कमी तापमानाची तार सुमारे ६८ अंश सेल्सिअसला आखडू लागते, ७८ अंशांपर्यंत पूर्ण आखडते, आणि थंड होताना ५२ अंशांपासून सैल होत जाऊन ४२ अंशांना पूर्ण सैल होते. उच्च तापमानाच्या तारेसाठी हेच आकडे अनुक्रमे ८८, ९८, ७२ आणि ६२ असे आहेत.

हे आकडे नागपुरात बसून वाचताना चौथ्या आकड्यापाशी थांबावे. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, आणि पत्र्याच्या छपराखालील कार्यशाळेत ते आणखी वर असते. अशा दुपारी कमी तापमानाची तार पूर्ण सैल होऊच शकत नाही, कारण तिला ज्या ४२ अंशांपर्यंत उतरायचे आहे त्याच्या वरच हवा उभी असते. जानेवारीत निर्दोष चाललेला नमुना मे महिन्यात अर्धवट उघडा राहतो, आणि करणारा माणूस स्प्रिंगला दोष देत बसतो. यानाच्या ज्या भागावर झडप बसते तो भागही उन्हात चांगलाच तापू शकतो, त्यामुळे ही अडचण केवळ आपल्या शहराची नव्हे. म्हणून उच्च तापमानाची तारच घ्यावी. तिचा दुसरा फायदा असा की परिसर तापल्यामुळे झडप आपोआप उघडण्याची भीतीही दूर जाते.

तारेचा व्यास ०.२५ मिलिमीटर घ्यावा. अशा तारेचा विद्युत रोध मीटरला सुमारे १८.५ ओहम असतो, ती सुमारे ८.७ न्यूटन, म्हणजे साधारण ८९० ग्रॅम वजनाइतक्या बलाने सुरक्षितपणे ओढू शकते, आणि १.०५ अँपिअर प्रवाहाने साध्या हवेत एका सेकंदात आखडते. तार मागवावीच लागते. मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), मायक्रोकंट्रोलर, वीजपुरवठा आणि मीटर मात्र सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळू शकतात, आणि पितळेचे खरादकाम हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या लहान वर्कशॉपकडून करून घेता येईल.

बलांचा हिशेब

सीटचे, म्हणजे झडपेच्या बैठकीचे, छिद्र २ मिलिमीटर व्यासाचे धरू. झडपेचा पॉपेट, म्हणजे सीटवर टेकून छिद्र बंद करणारा सरकता भाग, जितका उचलला जातो त्यानुसार त्याच्या कडेने वायूला वाट मिळते, आणि ही वाट छिद्राच्या क्षेत्रफळाइतकी होण्यासाठी पॉपेटने व्यासाच्या एक चतुर्थांश, म्हणजे फक्त अर्धा मिलिमीटर उचलले जाणे पुरेसे असते. तार ८० मिलिमीटर लांब घेतली आणि तिला अडीच टक्केच आखडू दिले, तर २ मिलिमीटर हालचाल मिळते. निटिनॉल आठ टक्क्यांपर्यंतचा ताण परत भरून काढू शकतो हे खरे. पण तसे वारंवार केल्यास तार लवकर थकते, म्हणून चार टक्क्यांच्या आतच राहावे.

वायूचा दाब ४ बार असेल तर २ मिलिमीटरच्या छिद्रावर तो सुमारे १.२६ न्यूटन बलाने पॉपेटला सीटवर दाबून धरतो. बंद करणारी स्प्रिंग २ न्यूटनची ठेवावी. थंड तारेला पुन्हा ताणण्यासाठी सुमारे ३.५ न्यूटन लागतात, आणि येथेच नवशिक्यांचे आराखडे फसतात, कारण ते हे काम बंद करणाऱ्या स्प्रिंगवरच सोपवतात. तसे केले की पॉपेट सीटला टेकताच स्प्रिंगची हालचाल थांबते, तार पूर्ण ताणली जाण्याआधीच अडते, आणि पुढच्या फेरीत तिला आखडायला पुरेशी लांबीच उरत नाही. उलट, तार किंचित आखूड बसली तर ती पॉपेटला सीटवर पूर्ण टेकू देत नाही आणि झडप गळते.

यावर उपाय म्हणजे तारेला तिची स्वतंत्र परतीची स्प्रिंग द्यावी आणि तारेचे टोक व पॉपेटचा दांडा यांच्यामध्ये अर्ध्या ते एक मिलिमीटरची मोकळी चाल ठेवावी. तार आखडताना आधी ही मोकळी चाल संपवते, मग पॉपेटला उचलते. परतताना पॉपेट आपल्या स्प्रिंगने सीटवर बसतो आणि तार त्याला सोडून पुढे पूर्ण ताणली जाते. झडपेची घट्ट बसण्याची क्षमता अशा रीतीने तारेच्या वयावर किंवा तापमानावर अवलंबून राहत नाही. परतीची स्प्रिंग मिलिमीटरला ०.३ न्यूटन कडकपणाची घेतली तर २ मिलिमीटर चालीत तिचे बल ०.६ न्यूटनने वाढते. सर्व मिळून तारेवर येणारे कमाल बल ७.४ न्यूटनच्या आसपास, म्हणजे तारेत सुमारे १५० मेगापास्कल ताण, हे ८.७ च्या मर्यादेत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ताण दर ६ ते ८ मेगापास्कलने वाढला की बदलाचे तापमान सुमारे एका अंशाने वर सरकते, त्यामुळे फार कडक स्प्रिंगा लावल्या तर तारेला तितके जास्त तापवावे लागते.

टोके बांधणे

निटिनॉलवरील ऑक्साइडच्या थरामुळे साधे सोल्डर त्याला धरत नाही, आणि सोल्डरच्या उष्णतेने टोकाजवळची स्मृती बिघडते ती वेगळीच. टोके पितळी किंवा तांब्याच्या बारीक नळीत क्रिम्प करूनच, म्हणजे नळी दाबून चेपूनच, बांधावीत. क्रिम्प केल्यानंतर ते भिंगाखाली पाहावे: नळीच्या तोंडाशी तारेवर धारदार खाच पडली असेल तर ती तार कितीही नवी असली तरी बदलावी, कारण तुटण्याची सुरुवात तेथूनच होते. नळीचे तोंड आतून किंचित गोलसर केलेले असावे. टोकाला लावलेली वीजवाहक तार मऊ, अनेक पदरी घ्यावी, नाहीतर तिचा ताठपणाच तारेच्या हालचालीत अडथळा आणतो.

झडप जोडण्यापूर्वी तारेला हिशेबातल्या भाराखाली शंभरेक वेळा आखडवून सैल करावे. नवी तार सुरुवातीच्या फेऱ्यांत थोडी कायमची लांबते; मोकळी चाल त्यानंतरच पक्की करावी.

प्रवाह केव्हा तोडावा

८० मिलिमीटर तारेचा रोध साधारण दीड ओहम आणि १.०५ अँपिअरला लागणारा विद्युत दाब १.६ व्होल्टच्या आसपास येतो. इतक्या कमी रोधाला सरळ ५ व्होल्ट जोडले तर तार क्षणात जळते, म्हणून प्रवाह नियंत्रित करणारा पुरवठा किंवा मॉसफेटद्वारे स्पंदनांनी दिलेला सरासरी प्रवाह वापरावा. प्रवाह देत असतानाच तारेवरील व्होल्ट आणि प्रवाह मोजून रोध काढत राहावे. तार मार्टेन्साइटकडून ऑस्टेनाइटकडे जाऊ लागली की तिचा रोध घटत जातो, आखडणे पूर्ण झाले की घट थांबते आणि त्यापुढे तापवत राहिल्यास तो हळूहळू पुन्हा चढू लागतो. मीटरवरचा आकडा खाली येऊन थबकतो, त्या क्षणी प्रवाह कमी करावा किंवा तोडावा. वेगळा तापमानमापक चिकटवण्यापेक्षा मला ही पद्धत अधिक भरवशाची वाटते, कारण इतक्या बारीक तारेवर चिकटवलेला मापक स्वतःच तिला थंड करतो.

गळती आणि गरमी

चाचणीसाठी फक्त कोरडी हवा किंवा नायट्रोजन वापरावा; हायड्राझीनसारख्या विषारी इंधनाचा विचारही महाविद्यालयाच्या कार्यशाळेत करू नये. सिलिंडर परवानाधारक विक्रेत्याकडूनच भरून घ्यावा आणि रेग्युलेटरपुढे ५ बारला उघडणारी सुरक्षा झडप लावावी. वायू सिलिंडरांचे २०१६ चे नियम ज्या पेसो (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) या संस्थेकडून राबवले जातात तिचे मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे शंका आल्यास माहिती शहरातच मिळू शकते.

बंद झडपेच्या पुढच्या बाजूची नळी पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्राखाली सोडावी आणि दहा मिनिटांत किती वायू साठतो ते पाहावे. दहा मिनिटांत एक मिलिलिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ०.००१७ मिलिलिटर. यानातील झडपांची गळती याहून कितीतरी कमी असावी लागते आणि ती हीलियमने तपासतात, पण मऊ सीट नीट बसली आहे की नाही हे या साध्या उपायाने कळते. ही मोजणी झडप चालवण्यापूर्वी, चालवल्यानंतर, आणि संपूर्ण सांगाडा ५५ अंशांच्या पेटीत तासभर ठेवून त्या तापमानातच पुन्हा करावी. तिसऱ्या मोजणीत गळती वाढली तर मोकळी चाल अपुरी आहे असे समजून आधी ती तपासावी.

निर्वातातील वर्तन

हवेत ही तार प्रवाह तोडल्यावर साधारण ४.५ सेकंदांत सैल होते. निर्वातात मात्र वाऱ्याने थंड होणे संपते. आपल्या तारेचे वस्तुमान सुमारे २५ मिलिग्रॅम आहे आणि सैल होताना तिला साधारण एक जूल उष्णता बाहेर टाकावी लागते. केवळ प्रारणाने ती सेकंदाला जेमतेम एक शतांश जूल टाकू शकते, म्हणजे सैल होण्यास दीड-दोन मिनिटे लागतात. मिलिसेकंदांत उघडझाप करणाऱ्या थ्रस्टरच्या, म्हणजे लहान इंजिनाच्या, झडपेसाठी विद्युतचुंबकावर चालणारा सोलेनॉइडच योग्य, आणि निटिनॉलची जागा क्वचित उघडायच्या वा बंद करायच्या पृथक्करण झडपेत, म्हणजे वाहिनीचा एक भाग दुसऱ्यापासून वेगळा ठेवणाऱ्या झडपेत, हा निष्कर्ष या एका हिशेबातून निघतो. दुसरा धोका याहून गंभीर आहे: हवेत निर्धास्त चालणारा १.०५ अँपिअरचा प्रवाह निर्वातात तसाच चालू ठेवला तर ढोबळ हिशेबाने तार ७०० अंशांपलीकडे तापेल आणि तिची स्मृती कायमची जाईल.

वातानुकूलन दुरुस्ती करणारे वापरतात तो दोन टप्प्यांचा निर्वात पंप आणि जाड काचेचे, जाळीने झाकलेले भांडे मिळाल्यास हा फरक स्वतः मोजावा. त्या पंपाने अवकाशाइतका निर्वात मिळत नाही आणि उरलेल्या हवेतून काही उष्णता जातेच, त्यामुळे मिळालेल्या वेळेपेक्षा खऱ्या निर्वातात वेळ अधिक लागेल असे धरूनच चालावे. झडप दीर्घकाळ उघडी ठेवायची असेल तर तार तापती ठेवण्याचा मोह टाळून पॉपेटच्या दांड्याला दोन्ही टोकांना स्थिर राहणारी खटक्याची स्प्रिंग बसवावी आणि परत बंद करण्यासाठी विरुद्ध दिशेने ओढणारी दुसरी तार लावावी. दोन्ही तारांना एकाच वेळी प्रवाह मिळणार नाही अशी कुलूपबंदी केवळ प्रोग्रॅममध्ये न ठेवता प्रत्यक्ष परिपथातच करावी.