अमेरिकेतल्या पायोनियर कबरी वाचताय? मग या चुका टाळा

नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा किंवा ओरेगनमध्ये काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) कच्च्या रस्त्याने जाताना शेतातच मध्ये चार सीडरची झाडं आणि तारेचं कुंपण दिसतं. आत वीस-पंचवीस दगड, काही उभे, काही आडवे पडलेले. त्या भागात १८४० नंतर वसाहत करायला आलेल्या ‘पायोनियर’ कुटुंबांचा हा बऱ्याचदा शेवटचा पुरावा असतो. मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा स्थानिक इतिहास मंडळाच्या कामासाठी तिथे गेलेला माणूस मोबाइलवर फोटो काढतो, दगडावरचं नाव-तारीख उतरवतो आणि तेच इतिहास म्हणून लिहून टाकतो. चुकायला सुरुवात होते ती इथेच.

कबरीचा दगड मेलेल्या माणसाने लिहिलेला नसतो. मागे राहिलेल्यांनी, पुष्कळदा बऱ्याच वर्षांनी, आठवेल तसं पाथरवटाला सांगितलेली ती साक्ष असते. साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारल्याशिवाय त्याचं म्हणणं मान्य करायचं नाही, हा नियम इथेही लागू आहे.

मृत्यूचं साल आणि दगडाचं वय एकच धरणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात कोरण्याजोगा दगड मिळणंच अवघड होतं. त्यामुळे सुरुवातीच्या बहुतेक कबरींवर लाकडी फळ्या लागल्या. त्या ऊनपावसाने कुजल्या, वणव्यात जळाल्या. रेल्वे आली, हातात पैसा आला, की मुलं-नातवंडं दगड बसवत. म्हणजे मृत्यू १८५२ चा आणि दगड १९३० चा, असं सर्रास असतं. अशा दगडावरचा तपशील आठवणीतून आलेला आहे असंच समजावं.

दगडाचा प्रकार पाहून काळ बराचसा कळतो. पातळ, उभा पांढरा संगमरवर साधारणपणे १८४० ते १८८० च्या दशकातला. चकचकीत पॉलिश केलेला ग्रॅनाइट त्यानंतरचा, आणि त्यावर वाळूच्या माऱ्याने काढलेली एकसारखी अक्षरं दिसली तर विसाव्या शतकातला. निळसर राखाडी रंग, धारदार अक्षरं, शेवाळ जवळजवळ नाहीच आणि बोटाने टकटक केलं की पोकळ आवाज, असं असेल तर तो दगड नसून जस्ताचं ओतकाम आहे. ‘व्हाइट ब्राँझ’ या नावाने विकली जाणारी ही स्मारकं १८७० च्या दशकाच्या मध्यापासून १९१४ पर्यंतच बनत होती. जस्ताच्या स्मारकावर १८५५ चा मृत्यू असेल तर जवळपास वीस वर्षांचं तरी अंतर आहे, हे लगेच नोंदवा.

मृत्यूच्या वेळीच उभारलेली आणि टिकलेली खूण फार दुर्मीळ. नेब्रास्कात स्कॉट्सब्लफजवळ रिबेका विंटर्स हिची कबर आहे. यूटाकडे निघालेल्या मॉर्मन पंथीयांच्या तांड्यातली ही बाई १५ ऑगस्ट १८५२ ला कॉलऱ्याने गेली. सोबतच्यांनी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून जमिनीत रोवली आणि छिन्नीने त्यावर तिचं नाव आणि ‘वय ५०’ एवढंच कोरलं. १८९९ मध्ये रेल्वेच्या सर्वेक्षकांना ती धाव सापडली आणि कबर वाचवण्यासाठी रुळांची आखणी बदलली गेली. रूळ फार जवळ असल्याने १९९५ मध्ये कबर थोड्या अंतरावर हलवली. या एका ठिकाणच्या नोंदीत धाव, नंतरचं स्मारक आणि हलवलेली जागा या तिन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहाव्या लागतात. तुमच्या नोंदवहीतही ‘मृत्यूचं साल’ आणि ‘खूण कधीची’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.

वयावरून जन्मतारीख काढताना घाई करणं

त्या काळच्या दगडांवर जन्मतारखेऐवजी ‘वय ३६ वर्षं ७ महिने २० दिवस’ असं असतं. मृत्यू १४ मार्च १८७१ चा धरून वजाबाकी करून पाहू. १४ मधून २० जात नाहीत, म्हणून मागचा महिना उसना घ्यायचा. तो फेब्रुवारी, १८७१ मध्ये २८ दिवसांचा. ४२ वजा २० म्हणजे २२. महिने: मार्चचे उरले २, त्यात १२ मिळवून १४, वजा ७ म्हणजे ७. वर्षं: १८७० वजा ३६ म्हणजे १८३४. उत्तर २२ जुलै १८३४. सरसकट ३० दिवसांचा महिना धरला असता तर २४ जुलै आलं असतं. पाथरवटाने किंवा घरच्यांनी कोणती रीत वापरली हे सांगता येत नाही, म्हणून काढलेल्या तारखेपुढे ‘गणिताने’ असं लिहायचंच. ‘वयाच्या ३७ व्या वर्षी’ असं असेल तर पूर्ण झालेली वर्षं ३६.

झिजलेल्या दगडावर १ आणि ४, ३ आणि ८, ५ आणि ६ यांत गल्लत होते. वय आणि साल दोन्ही वाचून ताळा जुळतो का ते पाहा.

आणि मुळात सांगितलेलं वयच चुकीचं असू शकतं. साउथ डाकोटात डेडवुडच्या माउंट मोरायाह दफनभूमीत जुन्या पश्चिमेतल्या दंतकथा झालेल्या ‘कॅलामिटी जेन’ची कबर आहे. दगडावर मृत्यू १ ऑगस्ट १९०३, वय ५३. तिने स्वतः सांगितलेला जन्म १८५२ चा, म्हणजे वय ५१. आणि १८६० च्या जनगणनेवरून जन्म १८५६ च्या सुमाराचा, म्हणजे वय ४७. इतक्या प्रसिद्ध बाईच्या बाबतीत सहा वर्षांचा फरक पडतो, तर शेतातल्या कबरीचं काय! १८६० मध्ये ती लहान मूल होती, तेव्हा कोणी वय फुगवायचं कारण नव्हतं, म्हणून तिघांत जनगणनेची नोंद जास्त भरवशाची.

तारखेबद्दल आपल्या लोकांसाठी खास सूचना. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन माणूस आधी महिना. जर्मन वसाहतकऱ्यांच्या दगडांवर मात्र दिवसच आधी असतो. ३-७-१८८४ म्हणजे ३ जुलै की ७ मार्च? नोंद करताना महिना अक्षरातच लिहा.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून काहीतरी फासणं

शेव्हिंग फोम, पीठ, खडू, सगळं बंद. फोममध्ये स्टिअरिक आम्ल आणि सुगंधी द्रव्यं असतात, ती दगडाच्या छिद्रांत राहतात आणि धुऊनही पूर्ण निघत नाहीत. पीठ म्हणजे बुरशी आणि सूक्ष्मजीवांना आयतं खाद्य. कागद ठेवून पेन्सिल घासण्याचा प्रकार ठिसूळ दगडाचा पापुद्रा काढतो. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात त्यासाठी लेखी परवानगी लागते.

अक्षरं वाचायला तिरपा उजेड हवा, बाकी काही नाही. साधारण ३० बाय १२० सेंटिमीटरचा आरसा घ्या. एकाने दगडाच्या बाजूला उभं राहून सूर्याचा उजेड दगडाच्या पृष्ठभागावरून जवळजवळ घासत जाईल असा पाडायचा, दुसऱ्याने समोरून फोटो काढायचा. कोन दहा ते वीस अंशांच्या पुढे गेला की सावल्या नाहीशा होतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर दुपारच्या थोडं आधी ऊन आपोआप तिरपं येतं. उत्तरेकडे तोंड असेल तर आरशाशिवाय गत्यंतर नाही. आकाश ढगाळ असेल तर जोरदार टॉर्च आणि काळं कापड. एकाच जागेवरून डावीकडून, उजवीकडून आणि वरून उजेड टाकून तीन फोटो घेतले की जो अंक एका फोटोत ८ वाटतो तो दुसऱ्यात ३ असल्याचं कळतं.

घरच्या सवयीने साफसफाई

तांब्या-पितळेला चिंच-लिंबू लावायची सवय इथे नको. संगमरवर आम्लात विरघळतो. व्हिनेगरने अक्षरांची धार कायमची जाते. ब्लीच त्याहून वाईट. त्यातले क्षार छिद्रांत शिरतात, वाळले की स्फटिक होतात आणि आतून कण ढकलून काढतात. दोन-चार वर्षांत पृष्ठभागावरून हात फिरवला की साखरेसारखी भुकटी बोटांना लागते. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर यांचं नावही काढू नका.

आधी दगड हलतो का, पापुद्रे सुटलेत का, बोटाने वाजवल्यावर पोकळ वाटतो का ते पाहा. यांतलं एकही असेल तर हात लावायचा नाही. ठणठणीत असेल तर साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि लाकडी किंवा बांबूची पट्टी. आधी संपूर्ण दगड भिजवा, खालून वर घासा, म्हणजे मळकट ओघळांचे डाग पडत नाहीत. एका मध्यम दगडाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज लागतं आणि तिथे नळ नसतो, कॅन भरूनच न्या. शेवाळ हट्टी असेल तर दफनभूमींच्या कामात मान्य असलेलं ‘डी-टू’ हे जैविक द्रावण पाणी न मिसळता लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, धुवा. उरलेला काळेपणा पुढच्या काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. रात्री गोठण्याची शक्यता असेल तर हे काम करू नये. छिद्रांतलं पाणी गोठून फुगतं आणि दगड फाटतो.

पडलेला दगड उचलायचा मोह होतो. ९० बाय ४५ बाय ५ सेंटिमीटरचा संगमरवर जवळपास ५५ किलो भरतो, आणि मधोमध धरला की चिरेवर तुटतो. सिमेंटमध्ये बसवणं तर नकोच. सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी आत कोंडतं आणि दगड जमिनीलगत मोडतो. कोणत्याही साफसफाईला जमिनीच्या मालकाची किंवा दफनभूमी सांभाळणाऱ्या मंडळाची परवानगी आधी हवी.

‘अमक्याची बायको’ एवढ्यावर थांबणं

बाईच्या दगडावर नवऱ्याचं नाव ठळक आणि तिचं पहिलं नाव बारीक. ‘कन्सॉर्ट’ असेल तर ती गेली तेव्हा नवरा जिवंत होता, ‘रेलिक्ट’ असेल तर ती विधवा होती. या एका शब्दाने पुढचा शोध कोणत्या वर्षाच्या आधी आणि कोणत्या नंतर करायचा ते ठरतं. एका पुरुषाशेजारी दोन-तीन बायकांचे दगड असतील तर मुलांच्या जन्मसालांवरून आई कोण ते लावा, शेजारी पुरलंय म्हणून गृहीत धरू नका.

जर्मन दगडावर ‘गेबोरेन’नंतर येणारं आडनाव हे तिचं माहेरचं. नेब्रास्कातल्या चेक वस्त्यांत नवऱ्याचं आडनाव नोव्हाक आणि बायकोचं नोव्हाकोव्हा असतं. यादी करणारे त्यांची दोन वेगळी कुटुंबं करून टाकतात.

स्पेलिंग कधी ‘सुधारू’ नये. न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींचा रक्षाकलश कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत पुरलेला आहे. दगडावर पहिलं नाव ‘आनंदाबाई’ असं आहे आणि जोशी आडनावाच्या शेवटी ‘आय’ऐवजी दोन ‘ई’. आजच्या स्पेलिंगने नोंदी शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही. दगडावर आहे तसंच, ओळीला ओळ उतरवा. तुमचं मत खाली वेगळं लिहा.

चिन्हांवरून कथा रचणं

कोकरू म्हणजे बहुधा लहान मूल, हे ठीक. पण तुटलेल्या झाडाच्या बुंध्याचा दगड म्हणजे ‘अकाली मृत्यू’ असं लगेच लिहू नका. ओमाहात १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘वुडमेन ऑफ द वर्ल्ड’ या विमा-बंधुसंस्थेच्या सभासदांना असे बुंधे मिळत; आधी संस्थेचा शिक्का शोधा. तीन कड्यांची साखळी ऑड फेलोज या बंधुसंस्थेची. खोलगट कोरलेल्या ढालीत नाव आणि पलटण असलेला सरकारी दगड बहुधा यादवी युद्धातल्या उत्तरेच्या सैनिकाचा. वरचं टोक त्रिकोणी असेल तर दक्षिणेच्या. शेजारी रोवलेली, माजी सैनिक दाखवणारी ताऱ्याची खूण उपटून दुसरीकडे लावलेली असू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

कागद न पाहणं

१८५० पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव आहे, १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. ती पोकळी नेब्रास्का आणि डाकोटात १८८५ च्या वेगळ्या गणनेने काही अंशी भरते. कॅन्ससमधल्या निकोडेमससारख्या, १८७७ मध्ये कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावातल्या माणसांचा माग १८७० च्या मागे बहुधा नावाने लागत नाही, कारण गुलामांची नावं त्याआधी लिहिलीच जात नव्हती. ‘नोंद नाही’ यावरून ‘माणूस तिथे नव्हता’ असा अर्थ काढू नका.

१८५० ते १८८० च्या जनगणनांबरोबर मृत्यूंची वेगळी यादी असते. १८७० च्या यादीत १ जून १८६९ ते ३१ मे १८७० मधले मृत्यू कारणासह आहेत. एकाच घरातली तीन मुलं आठवड्याभरात गेलेली दगडावर दिसली आणि साल जुळत असेल, तर ही यादी आधी उघडा. राज्य पातळीवरचे मृत्यूदाखले फार उशिरा सुरू झाले, टेक्सासमध्ये १९०३, नेब्रास्कात १९०४, कॅन्ससमध्ये १९११. जमिनीसाठी होमस्टेडची, म्हणजे वसाहतीसाठी सरकारकडून मिळणाऱ्या जमिनीची फाइल मागवा. १६० एकरांचा दावा पक्का करताना पाच वर्षांच्या वास्तव्याचे साक्षीपुरावे द्यावे लागत, त्यात घर, विहीर, लागवड, मुलांची संख्या असं बरंच मिळतं. कबरींच्या वेबसाइटवरची चरित्रं मात्र पुरावा म्हणून धरू नका. ती कोणीही लिहू शकतं.

दगड आहे म्हणजे माणूस तिथेच आहे, दगड नाही म्हणजे कोणीच नाही

कोलोरॅडोत ग्लेनवुड स्प्रिंग्जच्या दफनभूमीत पिस्तूलबाज जुगारी डॉक हॉलिडेचं स्मारक आहे आणि तो याच आवारात ‘कुठेतरी’ पुरलेला असल्याचं त्यावरच लिहिलंय. ॲरिझोनात टूमस्टोन गावच्या बूट हिल दफनभूमीतल्या फळ्या मूळच्या नाहीत, नंतर नव्याने उभारलेल्या आहेत. उलट डेडवुडच्या माउंट मोरायाहमध्ये चिनी कामगारांच्या विभागात आज मोकळी जागा दिसते, कारण बहुतेकांच्या अस्थी उकरून चीनला पाठवल्या गेल्या.

‘पहिला रहिवासी’ असं कोरलेलं असेल तर तुमच्या लेखात ‘पहिला गोरा वसाहतकरी’ लिहा. नेब्रास्कातली ती जमीन पॉनी, ओमाहा, ओटो लोकांची होती. पॉनींना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं.

मोकळ्या वाटणाऱ्या जागेचा नकाशा काढायचाच. कुंपणाच्या एका कोपऱ्यापासून टेप लावून ओळी आखा. जमिनीतला सहा फूट लांब, पूर्व-पश्चिम खोलगट भाग, दोन टोकांना न कोरलेले दोन दगड, गवतात अचानक आलेली आयरिस किंवा व्हिंकाची ताटवं, या सगळ्यांना क्रमांक द्या. न कोरलेला दगड गवत कापताना आड येतो म्हणून बाजूला टाकला की ती कबर कायमची हरवते. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते, म्हणून कोपऱ्यापासूनचं टेपचं माप जीपीएसच्या आकड्यांबरोबर लिहा आणि नकाशाची एक प्रत काउंटीच्या इतिहास मंडळाकडे जमा करा.