कॅन्सर पसरलेल्या माणसाला घरात उठतं-बसतं कसं ठेवायचं

घरात चौथ्या स्टेजचं पेशंट असलं की येणारा जाणारा एकच सांगतो, आराम करू द्या, उठवू नका. सांगतात प्रेमानेच, पण दिवसभर नुसतं झोपून राहिलं की मांड्यांतली ताकद भराभर जाते, भूक मरते, मोशन अडकते आणि कालपर्यंत भिंत धरून बाथरूमला जाणारं माणूस डायपरवर येतं, आणि ते त्याच्या मनाला फार लागतं हो. म्हणून जेवढं झेपेल तेवढं हलवत राहा.

पण आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की कॅन्सर हाडात गेलाय का, कुठल्या हाडात, आणि त्या पायावर वजन टाकलेलं चालेल का. ब्रेस्ट, प्रोस्टेट, फुप्फुसाचा कॅन्सर बऱ्याचदा हाडात जातो आणि असं पोखरलेलं हाड साध्या हिसक्यानेही मोडतं. पाठ नव्यानेच दुखायला लागली, पाय बधिर किंवा लुळे वाटले, लघवी अडकली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो आणि पाय एकदा पूर्ण गेले की परत येणं फार कठीण. एकच पाय सुजून दुखत असेल तर रक्ताची गाठ असू शकते, तेल लावून चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागत असेल तर थेट इमर्जन्सीत न्या.

आता उठवायचं कसं. हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही, सगळे तेच करतात. आधी गुडघे वाकवून अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, कंबर पिळायची नाही, मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी त्यांना कोपराने रेटा देऊन उठायला सांगायचं. तळवे जमिनीला टेकले की एक-दोन मिनिटं तसंच बसू द्या. चक्कर आली तर परत आडवं करा. मग पाय थोडे मागे, पुढे वाकून, हाताने पलंग दाबत उभं राहायचं. तुमच्या गळ्यात हात टाकू देऊ नका, दोघंही पडाल.

दुखत असेल तर अंघोळीआधी अर्धा-पाऊण तास पेनकिलर देता येईल का विचारून घ्या, त्याने फार फरक पडतो. मॉर्फिन, म्हणजे जास्त दुखण्यावरचं जोरदार पेनकिलर, सुरू केलं म्हणजे आता संपलं असं काही नसतं, उलट दुखणं आटोक्यात आलं तरच माणूस हलतं. मॉर्फिनने मोशन अडकते, त्याचं औषध सोबतच मागा.

ताकद थोडीच आहे, ती कशावर खर्च करायची ते त्यांना ठरवू द्या. गच्चीत बसून चहा प्यायचाय? मग अंघोळ स्टुलावर बसून घाला, किंवा त्या दिवशी नुसतं अंग पुसा. खुर्चीत बसल्या बसल्या पावलं वरखाली करणं, गुडघा सरळ करणं, एवढाही व्यायाम चालतो. भाजी निवडायची असेल तर निवडू द्या ना, हातातून काढून घेऊ नका. थकले की थांबायचं.

घरातली पायपुसणी आणि सुटे गालिचे उचलून ठेवा, बाथरूमची फरशी कोरडी, कडी बाहेरून उघडणारी, रात्री एक लाईट चालू. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खुर्ची हात असलेली हवी, प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा.

अगदीच उठवत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदला आणि माकडहाड, टाचा रोज बघा, लालसर डाग दाबूनही जात नसेल तर तो बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात.

पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणाऱ्या टीमला, शेवटच्या आठवड्यात नाही, आत्ताच गाठा, किमो चालू असली तरी चालतं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये त्यांचा वेगळा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर 1997 पासून मोफत चालतं. तिथल्या फिजिओथेरपिस्टला सांगा की आमच्यासमोर एकदा उठवून दाखवा, आणि रात्री पेशंटसाठी घरातलं जे कोणी उठतं त्यालाच सोबत न्या.