मैत्रीतून प्रेमाची कादंबरी कशी लिहावी: ‘एमा’ला आजच्या सांगलीत आणताना

जुन्या गाजलेल्या कादंबरीच्या आधारे आजची प्रेमकथा लिहायची असेल, आणि नायक-नायिका आधीपासूनचे मित्र हवे असतील, तर जेन ऑस्टिनची ‘एमा’ घ्या. ती डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. सरे परगण्यातल्या हायबरी नावाच्या काल्पनिक गावात एमा वुडहाउस आणि मिस्टर नाइटली पहिल्या प्रकरणापासून एकमेकांकडे येतात-जातात, वाद घालतात, रुसतात. एकूण प्रकरणं ५५. प्रेमाचा शब्द निघतो तो ४९व्या प्रकरणात. तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण तुमची कादंबरी त्यावरच उभी राहणार आहे. बहुतेक प्रेमकथांत अडथळा बाहेरून येतो: घरचा विरोध, पैसा, जात, परदेशातली नोकरी. इथे नाइटली शेजारच्या मोठ्या इस्टेटीचा मालक आहे, एमाच्या बहिणीचा थोरला दीर आहे, घरी रोजचा येणारा-जाणारा आहे. कुळाची, पैशाची, मानाची कसलीच आडकाठी नाही. अडथळा आहे तो एमाच्या मनात. दुसऱ्यांची मनं आपल्याला वाचता येतात याची तिला पक्की खात्री आहे आणि स्वतःचं मन तेवढं तिला दिसत नाही. म्हणूनच ही गोष्ट कुठेही नेता येते. १९९५ च्या ‘क्लूलेस’ने ती बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेली, २०१० च्या ‘आयशा’ने दिल्लीत.

हक्कांची काळजी थोडक्यात मिटवू. ऑस्टिन १८१७ मध्ये वारल्या. भारतीय कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे मूळ कादंबरी सगळ्यांना खुली आहे. वर सांगितलेले चित्रपट आणि अलीकडचे अनुवाद मात्र खुले नाहीत. त्यांनी नव्याने रचलेले प्रसंग किंवा अनुवादकाची वाक्यं उचलू नका.

पायरी १: दोनदा वाचा, वही घेऊन

पहिल्या वाचनात एमाला काय दिसतं ते टिपा. दुसऱ्या वाचनात तिच्या डोळ्यांसमोर असूनही तिला काय दिसत नाही ते टिपा. गावात पाहुणा आलेला तरुण फ्रँक चर्चिल निव्वळ केस कापायला म्हणून १६ मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो. गाव त्याला उथळ ठरवतं. थोड्याच दिवसांत मिस बेट्स या गावातल्या गरीब बाईंच्या भाचीकडे, जेन फेअरफॅक्सकडे, ब्रॉडवुड कंपनीचा पियानो येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. दोन्ही गोष्टी उघड्यावर मांडलेल्या आहेत, फक्त त्यांची सांगड एमा चुकीची घालते. तुमच्या कादंबरीतही वाचकापासून काही लपवू नका. फोन हरवला, मेसेज पोचला नाही, भलत्याच माणसाने तो वाचला, या युक्त्यांनी कथा लांबते, पण नायिकेचा स्वभाव उघडा पडत नाही.

पायरी २: वय आणि हाक आधी ठरवा

एमा एकविशीला टेकलेली, नाइटली सदतीस-अडतीसचा. शेवटी तो म्हणतो की ती तेरा वर्षांची असल्यापासून तो तिच्या प्रेमात आहे. हे आज चालणार नाही, चालवूही नये. अंतर चार-पाच वर्षांवर आणा, आणि दोघांची खरी मैत्री मोठेपणी जुळलेली दाखवा. पण वय कमी केलं की त्याच्या बोलण्यातलं वजनही कमी होतं, ते दुसरीकडून भरून काढावं लागेल. नाइटलीला आपल्या जमिनीची, कुळांची, हिशेबाची काळजी वाहावी लागते. एमावर घर चालवण्यापलीकडे पोटापाण्याची कसलीच जबाबदारी नाही. तुमच्या नायकाला असं एखादं ओझं द्या: वडिलांची बंद पडत आलेली गूळ-बेदाण्याची पेढी, किंवा आजोबांनी काढलेली शाळा.

मग हाक. आपल्याकडे शेजारचा चार वर्षांनी मोठा मुलगा सहज ‘दादा’ होतो, आणि एकदा दादा झाला की पुढची दोनशे पानं वाचक अवघडून बसतो. पहिल्या पानापासून दोघं अरे-तुरे करू देत, किंवा ती त्याला सगळ्या गावासारखी आडनावाने हाक मारू दे. ऑस्टिनलाही हा प्रश्न पडलेला आहे. क्राउन खानावळीतल्या नाचात एमा म्हणते की आपण काही एवढे भाऊ-बहीण नाही, आणि नाइटली ते लगेच ठासून मान्य करतो. तेवढ्या एका संवादात वाट मोकळी होते.

पायरी ३: रॉबर्ट मार्टिनला जागा द्या

मराठी लेखकाला ही कादंबरी सगळ्यात जवळची वाटावी ती या उपकथेमुळे. एमाच्या सतरा वर्षांच्या मैत्रिणीला, हॅरिएटला, रॉबर्ट मार्टिन हा कष्टाळू तरुण शेतकरी पत्राने मागणी घालतो. पत्र अपेक्षेपेक्षा चांगलं आहे हे एमालाही कबूल करावं लागतं. तरीही ती हॅरिएटकडून नकार लिहवून घेते. शेतकरी नवरा नको!

हे वाक्य आपल्याकडे रोज ऐकू येतं. म्हणून माझा आग्रह असा की कथा सांगलीत ठेवा आणि हा मुलगा तासगावकडचा द्राक्षबागायतदार करा. नायिका शहरात राहणारी, मैत्रिणींची लग्नं जुळवण्यात रमणारी. मुलाने व्हॉट्सअॅपवर लांब, साधा, नीट लिहिलेला मेसेज पाठवलाय. मैत्रीण फोन नायिकेच्या हातात देते आणि ‘तूच सांग काय लिहू’ म्हणते. उत्तर कोण टाइप करतं, हे त्या प्रसंगात स्पष्ट दिसू दे.

इथे एक काळजी घ्या. एमाचा नकार वर्गाच्या अहंकारातून येतो. आपल्याकडे मुलीच्या मनातल्या भीतीला कारणं आहेत: ऐन काढणीत येणारा अवकाळी पाऊस, बेदाण्याचा पडलेला भाव, औषधांची उधारी, पहाटेपासूनची कामं. नकार देणाऱ्या मुलीला उथळ ठरवलंत तर कादंबरी खोटी पडेल. एमाचा दोष वेगळा आहे. हॅरिएटचा कल होकाराकडे होता, आणि तो तिला विचारावासाच वाटला नाही. हा दोष नेमका पकडा.

पायरी ४: तीन भांडणं लिहा, प्रेमप्रसंग आपोआप होतील

नाइटलीची ओळख करून देताना ऑस्टिन सांगते की एमाचे दोष दिसणारे थोडेच, आणि ते तिला तोंडावर सांगणारा हा एकटाच. मैत्रीची व्याख्या या कादंबरीपुरती हीच धरा. त्याच्या कौतुकापेक्षा त्याचं बोलणं जास्त लागायला हवं.

पहिलं भांडण आठव्या प्रकरणात, हॅरिएटच्या नकारावरून. ते मुद्द्याचं आहे आणि कुणीच पूर्ण बरोबर नाही. दुसरं अठराव्यात, अजून गावात न आलेल्या फ्रँकवरून. नाइटली न पाहिलेल्या माणसावर इतका चिडतो की एमाला नवल वाटतं, आणि ती स्वतःच्या खऱ्या मताच्या उलट बाजू लढवत बसते. त्या भांडणात मत्सर हा शब्द कुठेही नाही. तुमच्या नायकालाही पुण्याहून येणाऱ्या, इन्स्टाग्रामवर गाजणाऱ्या पाहुण्यावर असंच उगाच घसरू द्या.

तिसरं बॉक्स हिलच्या सहलीत. खेळाच्या भरात एमा गरीब, बडबड्या मिस बेट्सचा चारचौघांत पाणउतारा करते. नाइटली तिथे काही बोलत नाही. एमा गाडीची वाट बघत एकटी उभी असताना जवळ येतो आणि सांगतो की मिस बेट्स तुझ्या बरोबरीच्या परिस्थितीत असती तर मी हसून सोडून दिलं असतं, पण ती गरीब आहे आणि तिने तुला लहानाची मोठी होताना पाहिलंय. एमा रस्ताभर रडते.

हा प्रसंग सांगलीजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर घडवा. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, निवृत्त बालवाडी शिक्षिका असलेल्या काकू सहलीला आवर्जून बोलावून आणलेल्या असू देत. ग्रुपवर टाकलेल्या टोमण्याने हे साधणार नाही, काकूंचा पडलेला चेहरा सगळ्यांना दिसायला हवा.

दुसऱ्या दिवशी एमा कुणी न सांगता मिस बेट्सकडे जाते. ते कळल्यावर नाइटली तिचा हात हातात घेतो, ओठांपाशी नेतो आणि मध्येच सोडून देतो. संपूर्ण कादंबरीत मला याहून उत्कट जागा दिसत नाही. ती भांडणानंतर लगेच येते हे विसरू नका.

पायरी ५: कबुली मैत्रीच्या वाटेने आणा

आपलं कुणावर मन आहे हे एमाला कळतं ते हॅरिएटने आपल्या मनातला माणूस म्हणून नाइटलीचं नाव घेतल्यावर. ते एका परिच्छेदात उरका, लांबवू नका. पुढचं सावकाश लिहा. फ्रँकचं जेनशी गुपचूप ठरलेलं लग्न उघड झालंय, एमाचं मन फ्रँकवर होतं आणि ती दुखावली असेल असं समजून नाइटली लंडनहून पावसात घोड्यावरून येतो. बागेत काही सांगू पाहतो. हॅरिएटबद्दल असणार असं वाटून एमा त्याला थांबवते. मग तिला वाटतं, मित्राला असं तोडू नये, काय असेल ते ऐकून घ्यावं. ती स्वतः परत फिरते आणि बोल म्हणते. आपलं नुकसान होणार या समजुतीने ती ऐकायला तयार झालेली असते, म्हणूनच त्याला बोलता येतं. तुमच्या कबुलीच्या प्रसंगाआधी नायिकेला असा एक निर्णय घ्यायला लावा. तिचं उत्तर ऑस्टिन देत नाही, योग्य तेच बोलली एवढंच म्हणते. तुम्हीही दिलं नाहीत तरी चालेल.

पायरी ६: कोण कुणाच्या घरी राहणार?

एमाच्या वडिलांना, मिस्टर वुडहाउसना, कुठलाही बदल सोसत नाही आणि एमा त्यांना सोडून जाणार नाही. नाइटली आपली मोठी वास्तू सोडून सासऱ्यांच्या घरी राहायला येतो. म्हणजे चक्क घरजावई! १८१५ मध्ये ऑस्टिनने हे लिहिलं, तर आजच्या सांगलीत तुम्ही ते गाळू नका. नायकाच्या आईला काय वाटेल, पेढीची वेळ कशी सांभाळायची, गल्लीत कोण काय बोलेल, हे सगळं लिहा. वडिलांचं मन वळवायला मोठं भाषणही लागत नाही. शेजारच्या खुराड्यातून टर्की चोरीला जातात, घरात एखादा पुरुष असावा असं वुडहाउसना वाटू लागतं आणि लग्नाची तारीख ठरते. तुमच्या कथेत एखाद्या रात्री सोसायटीतली मोटार किंवा गच्चीवरची पाण्याची टाकी चोरीला गेली तरी पुरे.