गुलमर्गची थंडी आणि माझा सुती बनियन

गुलमर्गला, साधारण २,६५० मीटरवर, स्कीइंग शिकायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सुती बनियन, दोन स्वेटर आणि जाडजूड जाकीट असा जामानिमा केला होता. उतारावर घामाघूम झालो. गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत थांबलो तर दात वाजायला लागले. दोष बनियनचा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं.

दुसऱ्या दिवशी अंगालगत मेरिनो लोकरीचं थर्मल, वर फ्लीसचा, म्हणजे मऊ लव असलेल्या कृत्रिम कापडाचा, पातळ थर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. स्वेटर खोलीवरच. पाय मात्र गारच! दोन-दोन मोज्यांनी बूट इतका आवळला होता, की रक्त फिरणार कसं? एकच लोकरी जोड घातला आणि बोटं हलायला लागली. हातमोजे तेवढे बदलायचे राहिलेत. चार बोटं एकत्र राहतात ते जास्त उबदार.